तुमच्या नावावरचं वाक्य

बाई, आपल्या पठारावर पवनचक्क्या आल्या नाहीत. तुमच्या एका वाक्यामुळे आल्या नाहीत, असं सगळं गाव म्हणतं. पठाराकडे वळणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर ते वाक्य निळ्या अक्षरांत रंगवलंय आणि खाली तुमचं नाव आहे. शाळेच्या भिंतीवरही आहे. नवे गुरुजी परिपाठाला मुलांकडून ते म्हणवून घेतात. ते वाक्य तुम्ही कधीच बोलला नव्हतात. ते मी बोललो, भर ग्रामसभेत, तुमचं नाव लावून. हे मला तुम्हाला सांगायचं आहे, आणि सांगायला तुम्ही नाहीत, म्हणून लिहितो आहे.

तुम्ही गावात आलात तेव्हा मी चौथीत होतो. साक्री तालुक्याच्या आमच्या कोपऱ्यात तोवर कुणी बाई शिकवायला आली नव्हती. तुम्ही रावेरकडच्या, केळीच्या मुलखातल्या. तुमचं 'करून राह्यला' आणि 'जाऊन राह्यली' ऐकून आम्ही तोंडावर हात ठेवून हसायचो, आणि आमची अहिराणी ऐकून तुम्हीही हसायचात. गावात तुम्हाला घर मिळालं नाही. कुणी सरळ नाही म्हणालं नाही. कुणाची खोली गळत होती, कुणाचा मुलगा परत येणार होता. तुमच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो लागणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते मोठ्याने कुणी म्हणत नव्हतं. शेवटी शाळेमागच्या सामानाच्या खोलीत तुम्ही राहिलात, बदली होईपर्यंत. पाणी पाड्यावरची एक बाई आणून द्यायची. पठाराच्या माथ्याजवळ पाडा आहे, तिथून ती रोज दूध घेऊन खाली उतरायची, तुमची घागर भरून ठेवायची आणि मग वर जायची. तिची मुलगी आमच्या वर्गात होती. पाड्यावरची घरची बोली वेगळी, पण आमच्याशी ती आमच्यासारखीच अहिराणी बोलायची. त्या मुलीचंही नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते सांगावं लागणार नाही.

थंडीत तुम्ही आम्हा दोघांना, तिला आणि मला, संध्याकाळी खोलीवर बोलवायचात, गणितासाठी. तुमचं स्वयंपाकघर म्हणजे त्याच खोलीचा एक कोपरा. रॉकेलचा स्टोव्ह होता, पण भरीत करायचं तर तुम्ही मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायचात. हिरवी, पांढरट, मोठाली वांगी, तुमच्या गावाहून एसटीने आलेली. ती ठेचायला तुमच्याकडे लाकडी बडगी होती. मला ती धरू द्यायचा नाहीत, तिला द्यायचात, कारण मी ठेचताना अर्धं बाहेर सांडायचो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत आणि वर कच्चा कांदा. खाऊन झाल्यावर ती वर पाड्याकडे निघायची. अंधारून यायचं म्हणून तुम्ही तिला तुमची बॅटरी दिलीत, देऊनच टाकलीत. चढावर तो उजेड हलत जाताना दिसायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत तुम्ही अंगणात उभ्या राहायचात. मला घरी जायला सांगायचंही तुम्हाला तेव्हा भान नसायचं.

सहावीत असताना तुम्ही आम्हाला पठारावर नेलं. भादव्याचे दिवस होते. सगळं पठार पिवळं आणि गुलाबी झालेलं, सोनकी आणि तेरडा. खाली आमचं गाव काडेपेटीएवढं दिसत होतं आणि पलीकडे डोंगरामागे डोंगर गुजरातपर्यंत गेलेले. त्या दिवसाचं मी नंतर इतकं भांडवल केलं, म्हणून आता आठवून आठवून खरं तेवढंच लिहितो. तुम्ही झऱ्याच्या कडेला चपला काढून बसलात. पदर डोक्यावरून घट्ट ओढून कानाशी धरला होता, कारण वारा फार होता. सगळ्यांना फडकी सोडायला लावलीत आणि ज्याचं त्याचं अन्न मधे ठेवून वाटलंत. बोललात काय, तर दगड उचलू नका, खाली विंचू असतो. आणि झऱ्यात पाय धुवायचे नाहीत, पाड्याचं पिण्याचं पाणी आहे. एवढंच. निसर्गाविषयी, डोंगराविषयी तुम्ही एक अवाक्षर काढलं नाहीत. उतरताना एका मुलीला काटा लागला, तो काढण्यात उरलेला वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला दिलात. मी गाइडमधून शब्द काढले. पठारावर मंद मंद वारा वाहत होता, असं लिहिलं. तुम्ही मला टेबलाजवळ बोलावलंत. म्हणालात, "मंद होता का रे वारा?"

मी म्हणालो, नाही, कान दुखत होते.

"मग कान दुखले असं लिही."

वही परत दिलीत. मारलं नाहीत, रागावलाही नाहीत, पण सगळ्या वर्गादेखत विचारलंत म्हणून मला ते मारापेक्षा जास्त लागलं. तो निबंध मी पुन्हा लिहिला. पुढे मी मराठीचाच प्राध्यापक झालो, धुळ्याच्या कॉलेजात. वर्गात मुलांना ही गोष्ट मी दरवर्षी सांगत असे. आता सांगत नाही.

पाड्यावरची ती सातवीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायला लागली. तुम्ही दोनदा पाड्यावर जाऊन तिच्या बापाला समजावलंत, एवढं मला माहीत आहे. मग तुमची बदली झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं, तेही उशिरा. मी तुमच्या घरी गेलो नाही. जाऊ, जाऊ म्हणत राहिलो.

चार-पाच वर्षांपूर्वी मी वडिलांच्या शेतात एक लहानसं घर बांधलं. सुटीला राहायला, आणि पुढे निवृत्तीनंतर कायमचं. ओटा मुद्दाम पठाराकडे तोंड करून काढला. घरभरणीला आलेल्या धुळ्याच्या मित्रांनी ओट्यावरून फोटो काढले आणि तुझं नशीब, असं म्हणाले. त्यानंतर वर्षभरात पठारावर वारा मोजायचा उंच खांब लागला, मग कंपनीच्या गाड्या यायला लागल्या, मग चुन्याच्या खुणा पडल्या. आमच्या शेजारच्या डोंगरांवर पवनचक्क्यांचे पंखे आधीच आलेले होते. दिवसा ते लांबून बरे दिसतात, पण तिथले लोक आवाजाची तक्रार करत होते, रस्ते कापताना चराईची जमीन गेली म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडेही कंपनीचा माणूस एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगत होता. म्हणजे विरोध करायला कारणं होती, बाई. एवढं मी स्वतःच्या बाजूने म्हणतो. पण माझं कारण माझा ओटा होता. ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. गावातल्या पुष्कळांची कारणं निरनिराळी होती. कुणाला वर देवाचा दगड होता त्याची काळजी, कुणाला खडीच्या कामात वाटा मिळाला नाही याचा राग. सरपंच मला नानाच म्हणतात. ते घरी येऊन म्हणाले, नाना, आम्ही भांडू शकतो, बोलायला तुम्ही पाहिजे. मला ते आवडलं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी दुपारी पाड्यावरून ती आली. आमची पंचायत गाव आणि पाडा मिळून एकच आहे, त्यामुळे पंखे येऊ द्यायचे की नाही या ठरावात पाड्याचं मतही धरलं जाणार होतं. केस पांढरे झालेले, पाय थोडे वाकलेले, पण चालणं तेच. ओट्यावर बस म्हटलं तर ती पायरीवर बसली. मी पुन्हा म्हणालो नाही. तिने सांगितलं ते असं, की पाड्यावर बायकांनी बसून विचार केला आहे. पंखे नकोतच असं त्यांचं म्हणणं नाही. झऱ्याच्या अंगाला खोदू नये, गुरांना वर यायची आडकाठी नको, आणि कंपनी तिच्या गाड्यांसाठी जो रस्ता करणार आहे तो पाड्यापर्यंत न्यावा. आणि पोरांना राखणदारीचं काम मिळालं तर ती ऊसतोडीला जाणार नाहीत. हे सगळं कंपनीने सभेत सगळ्यांसमोर कबूल करावं, नाहीतर जावं.

"पंखा लावोत ना, भाऊ. पन आम्हनं बी आयकाले जोयजे," ती म्हणाली. "तू आधार दे. मी बोलसू."

मी हो म्हणालो. चहा केला, तो तिने घेतला. तुमची आठवण निघाली. बाई असत्या तर त्यांनीच बोलून दिलं असतं, असं ती म्हणाली. ती गेल्यावर मला वाटलं, हिचं म्हणणं शहाणपणाचं आहे. त्याबरोबर हेही वाटलं, की असं झालं तर पंखे येणारच.

सभा शाळेच्या पटांगणात होती. मांडव घातलेला, तालुक्याहून साहेब आलेले, कंपनीचे दोघे पुढच्या खुर्च्यांवर. पाड्यावरच्या बायका मागे भिंतीशी, तिथे जिथे तुमची खोली होती. आता तिथे पाण्याची टाकी आहे. सरपंचांनी मला पहिलं बोलायला उभं केलं. मी ठरवलं होतं त्यातलं थोडं बोललो, चराईचं, आवाजाचं. लोक ऐकत होते, पण चुळबूळ होती. मागे कुणाचा तरी फोन वाजत होता. मला ती चुळबूळ सहन झाली नाही. इतकी वर्षं वर्गावर उभं राहिलेला माणूस मी, समोरच्यांचं लक्ष कुठे जातंय ते मला लगेच कळतं आणि ते कसं परत आणायचं तेही कळतं. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, आपल्या याच शाळेत एक बाई होत्या. तुमच्यातल्या निम्म्यांना त्यांनी अक्षर शिकवलं. एकदा त्या आम्हाला पठारावर घेऊन गेल्या होत्या. एवढं खरं होतं. एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत पुढचं आपोआप आलं. मी म्हणालो, बाईंनी आम्हाला कड्यावर उभं केलं, खाली गाव दाखवलं आणि म्हणाल्या, "पोरांनो, हा डोंगर म्हणजे गावाचं कपाळ आहे. त्याच्यावर कुणाला खिळे ठोकू देऊ नका."

बाई, तुम्ही आम्हाला एकदाही पोरांनो म्हणाला नव्हतात. प्रत्येकाला नावाने हाक मारायचात. तिथे बसलेल्या तुमच्या कितीतरी विद्यार्थ्यांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही. उलट काही जण डोळे पुसत होते. मीही पुसले, आणि ते नाटक नव्हतं, हे सांगायला मला जास्त लाज वाटते. ज्या गावाने तुम्हाला चार भिंती दिल्या नाहीत, ते गाव तुमच्या नावाने टाळ्या वाजवत होतं. त्या टाळ्या मी घेत होतो.

साहेबांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचं आहे का. मागे ती उठली. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पण ती उठली हे मला कळलं, कारण बायका सरकल्या. साहेब म्हणाले, बोला, अक्का. ती म्हणाली, "बाईनी अस सांगं व्हई, ते मंग आते आम्हले काय बोलनं शे?" आणि बसली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने ते खरं मानलं होतं. तुमचा शब्द म्हणून तिने रस्ता सोडला, काम सोडलं, आदल्या दिवशी पायरीवर बसून मांडलेलं सगळं सोडलं. मी तेव्हा उठून म्हणू शकलो असतो की थांबा, पाड्याचंही काही म्हणणं आहे. तेवढ्याला वाक्य मागे घ्यावं लागलं नसतं. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यालो. पंखे नकोत असा ठराव एकमताने झाला.

पेपरात माझा फोटो आला, मथळ्यात तुमचं वाक्य. कंपनीने वर्षभर वाट पाहिली आणि पुढच्या डोंगरावर गेली. तिथल्या वस्तीला रस्ता झाला आहे. पठारावर आता भादव्यात धुळ्या-जळगावहून, नाशिकहून गाड्या येतात. लोक पाटीपाशी उभे राहून फोटो घेतात, वर चालत जाऊन फुलांत लोळतात, झऱ्यात पाय सोडून बसतात. बाटल्या पडतात. पाड्यावरच्या बायका त्या गोळा करतात. तिचा मुलगा नरडाण्याला कारखान्यात लागला आहे, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. मागच्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याला लकवा झाला. वाट चिखलाची, म्हणून त्याला खाटेवर बांधून चौघांनी खाली आणला, मग जीपने साक्रीला नेला. वाचला, पण उजवी बाजू गेली. रस्ता असता तर वाचली असती का, ते कुणी सांगू शकत नाही. कंपनीने रस्ता केलाच असता असंही नाही. मी या दोन वाक्यांना धरून किती दिवस काढले आहेत.

गेल्या महिन्यात त्याला बघायला मी पाड्यावर गेलो. दुपारची वेळ. तो दाराशी खाटेवर उन्हात बसवलेला, ती शेजारी शेंगा फोडत होती. मला खाली बसायला गोधडी दिली, ताक दिलं. नवऱ्याचं औषध, मुलाचं लग्न, इकडचं तिकडचं बोलणं झालं. वाटेवरच्या पाटीचं निघालं. कंपनीला घालवलं म्हणून तिला माझा राग नव्हता, ती तसं काही बोललीच नाही. ती वेगळंच बोलली. म्हणाली, तू जे सांगितलंस ते मी सारखं आठवून बघते, पण बाई तसं बोलल्याचं मला आठवतच नाही. पठारावर गेलो ते आठवतं, वारा आठवतो, विंचवाचं आठवतं. ते तेवढं नाही. आणि मग हातातली शेंग तशीच धरून, मान खाली घालून म्हणाली, "त्या दिन मी शाळामा नही उनी व्हसू."

तिच्या बोलण्यात मला हेवा ऐकू आला, बाई. तुमचं एक चांगलं वाक्य मला मिळालं आणि तिला मिळालं नाही, असं तिला वाटत होतं. ज्या मुलीच्या बॅटरीचा उजेड दिसेनासा होईपर्यंत तुम्ही अंगणात उभ्या राहायचात, ती स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवत होती आणि मला खरं. खरं काय ते तोंडाशी आलं होतं. नवरा होता, पण त्याला नीट ऐकू जात नाही. दुसरं कुणी नव्हतं. याहून सोपी वेळ मला मिळाली नसती.

मी म्हणालो, "नाही, तू होतीस की. बाईंच्या शेजारीच उभी होतीस. बाईंनी तुझा हात धरला होता, कड्याजवळ होतो म्हणून."

मग तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "खरं शे, भाऊ," ती म्हणाली. "हात धरेल व्हता. माले आते याद उनी." आणि नवऱ्याकडे वळून, त्यांच्या बोलीत, मोठ्याने, हाताने कड्याकडे दाखवत ती त्याला सगळं सांगायला लागली. खिळ्यांचंही सांगितलं. त्याने चांगल्या बाजूने मान हलवली.

हे पत्र तुम्हाला मिळणार नाही म्हणूनच तुम्हाला लिहिलं आहे. ते ज्या बाईला वाचून दाखवायला हवं ती माझ्या ओट्यावरून दिसणाऱ्या चढावर राहते, आणि तिला मी ते दाखवणार नाही. गेला महिनाभर मी स्वतःला सांगत होतो की तिला बरं वाटावं म्हणून तसं बोललो. ते खरं नाही. आजवर ते वाक्य मी एकट्याने ऐकलं होतं, आता दोघांनी ऐकलं आहे. पाड्यावरून उतरताना मला हलकं वाटत होतं.